वेगवेगळ्या मापांची सोलर पॅनेलं एकाच बॅटरीवर: दापोलीच्या घरच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

पाऊस ओसरला. पत्र्यावरचं शेवाळ वाळलंय, वर चढता येतंय. काम आजपासून सुरू.

हेतू आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली तालुक्यात खांब, तारा, माड, पोफळी सगळं एकत्र आडवं झालं. आमच्या वाडीत लाईट यायला कित्येक आठवडे गेले. तेव्हा इन्सुलिन मडक्यात ओल्या फडक्याखाली ठेवलं होतं, पण पावसाळी दमट हवेत पाणी उडत नाही आणि मडकं म्हणावं तसं गार होत नाही. साठ्यातलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. तर लाईट नसताना फ्रिज, चार दिवे, दोन पंखे आणि राऊटर एवढं चालावं. पंप नको, मिक्सर नको.

शेजारी विचारतात, छपरावरच्या सरकारी योजनेतून सोलर का नाही घेत? घ्यावं जरूर, बिल वाचतं. पण बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे मेनच्या लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर घराघरातून उलटा करंट येऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. वादळात लागणारी वीज त्यातून मिळत नाही.

हाताशी असलेलं सामान असं. १०० वॅटची दोन पॅनेलं, ३६ सेलची, पूर्वीच्या घरगुती दिव्यांच्या जोडणीतली. १५० वॅटचं एक, तेही ३६ सेलचं. आणि ३३० वॅटचं ७२ सेलचं एक, शेजारच्या अण्णांकडे वीज पडल्यापासून गोठ्यात उभं करून ठेवलेलं. अण्णा म्हणाले, "ने बाबा, माझ्याकडे त्याच्यावर कोंबड्या बसतात." इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, त्याला १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या एकाच वेळी घेतलेल्या. पॅनेलातून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी (जास्तीत जास्त वॅट मिळतील तो व्होल्टेजचा बिंदू शोधणारा), कमाल १०० व्होल्टचा.

नवी जुळी पॅनेलं घेणं सोपं पडलं असतं, आणि पैशाचा मेळ बसत असेल तर मीही कुणाला तेच सांगेन. पण ही काच अजून वीज देते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलांचाही समावेश झालाय, तरी आमच्याकडे जुनं पॅनेल भंगारवाल्याकडेच जातं. तो ॲल्युमिनियमची फ्रेम काढून घेतो आणि काच कुठल्यातरी वहाळात जाते. चालणारं पॅनेल वहाळात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

१६ ऑक्टोबर

सगळी पॅनेलं अंगणात दक्षिणेकडे तोंड करून एकाच कलात ठेवली, पुसली, अर्धा तास तापू दिली आणि लागोपाठ मोजली. लागोपाठ मोजणं महत्त्वाचं. पाठीमागच्या पाटीवरचे आकडे २५ अंश तापमानाच्या सेलचे आणि चौरस मीटरला १००० वॅट उन्हाचे असतात. आपल्या पत्र्यावर दुपारी सेल ६० अंशांवर जातो. सिलिकॉन सेलचं व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.३ टक्के उतरतं, म्हणजे ३५ अंशांना दहा टक्क्यांच्या वर. पाटीवर २२ आणि मीटरवर १९.६ दिसले म्हणून पॅनेल खराब ठरत नाही.

१०० वॅटची दोन्ही: उघडं व्होल्टेज (काहीही न जोडता) १९.६ आणि १९.५, शॉर्ट करंट (दोन्ही टोकं थेट जोडून) ४.९ आणि ४.७ अँपिअर. १५० चं: १९.८ व्होल्ट, ७.६ अँपिअर. ३३० चं: करंट ८.१, पण व्होल्टेज २७.४. पाटीवर ४६ आहेत, म्हणजे आज ४१ च्या आसपास यायला हवे होते. बरोबर एक तृतीयांश गायब.

हा एक तृतीयांशच खूण सांगून गेला. ७२ सेलच्या पॅनेलात २४-२४ सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, म्हणजे गट अडला की करंटला वळसा देणारा एकदिशी भाग. वीज जवळपास पडली की हे डायोड बऱ्याचदा शॉर्ट होतात, आणि मग तो गट कायमचा वगळला जातो. सेल शाबूत असतात.

१९ ऑक्टोबर

पाठीवरचा जंक्शन बॉक्स उघडला. नशिबाने आत सील करणारं रबरी सिलिकॉन ओतलेलं नव्हतं. ओतलेलं असतं तर हे काम झालं नसतं. पॅनेल गोधडीने झाकून डायोड मोजले. दोन ठीक, एक दोन्ही दिशांनी शून्य. जागेवर १५ अँपिअर, ४५ व्होल्टचा शॉटकी डायोड डाखवला. बाकीच्या दोघांनीही तोच झटका सोसलेला, म्हणून तेही बदलले. झाकणाची रबरी पट्टी नवी बसवली, कारण आमच्याकडे खारी हवा कुठूनही आत शिरते.

उन्हात परत ठेवलं: ४१.२ व्होल्ट. अण्णांना बोलावून मीटर दाखवला. ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले.

२७ ऑक्टोबर

आज सगळं कागदावर. मला विचारणारे बहुतेकजण वॅट बघून पॅनेलं जुळवू पाहतात. वॅटला जुळवणीत काही अर्थ नाही. समांतर (प्लसला प्लस) जोडायचं तर व्होल्टेज जुळायला हवं, एकसर (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडायचं तर करंट. प्रत्येक पॅनेलचे हे दोन आकडे सुटे लिहिले की अर्धं काम झालं.

पाटीवरचे काम करतानाचे आकडे असे: १०० वाल्यांचे १८ व्होल्ट, ५.५६ अँपिअर. १५० चे १८.२ व्होल्ट, ८.२५ अँपिअर. ३३० चे ३७.५ व्होल्ट, ८.८ अँपिअर.

सगळी एकसर लावली तर? कामाचं व्होल्टेज ९१.७, करंट सगळ्यात दुबळ्याचा ५.५६, म्हणजे जेमतेम ५१० वॅट. असायला हवेत ६८०. पोफळीच्या बागेत पाट एका जागी अरुंद असला की पुढे तेवढंच पाणी जातं, तसं एकसर जोडणीत करंटचं होतं. त्याहून वाईट म्हणजे उघडं व्होल्टेज ११२ होतं. कंट्रोलरची मर्यादा १००. थंडीच्या सकाळी पहिलं ऊन पडताच तो कामातून गेला असता. ही जोडणी बाद.

सगळी समांतर? मग ३३० वाल्याला १८ व्होल्टवर खाली ओढलं जाईल, त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाईल, आणि १८ व्होल्टने २४ व्होल्टची बॅटरी चार्जच होणार नाही. हीही बाद.

मधला रस्ता: १०० ची दोन एकसर, म्हणजे ३६ व्होल्ट आणि ५.५६ अँपिअर. ती जोडी ३३० ला समांतर. ३६ आणि ३७.५ मध्ये चार टक्क्यांचा फरक. एमपीपीटी मधला कुठलातरी बिंदू धरेल आणि दोघांचंही फार थोडं जाईल. पॅनेलचा आलेख शिखराजवळ बराच सपाट असतो, दोन टक्के इकडेतिकडे झाल्याने वॅट फारसे पडत नाहीत. करंट ५.५६ आणि ८.८ असे कितीही वेगळे असले तरी समांतर जोडणीत ते नुसते मिळतात.

१५० चं पॅनेल उरतं. त्याला जोडीदार नाही. १०० च्या जोडीत तिसरं म्हणून एकसर घातलं तर काय होतं ते प्रत्यक्ष मोजेन.

१० नोव्हेंबर

सांगाडा. दापोली १७.७५ अक्षांशावर, म्हणून कल १८ अंश, तोंड दक्षिणेला. जास्त कल दिला असता तर हिवाळ्यात थोडी वीज वाढली असती, पण मला वाऱ्याची काळजी जास्त. ३३० चं पॅनेल दोन चौरस मीटरचं आहे. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब त्यावर सव्वाशे किलोच्या पुढे जातो, आणि तो खालून वर उचलतो. पॅनेलचं स्वतःचं वजन बावीस किलो. त्यामुळे खांब पत्र्याच्या रिपांना न ठोकता चिऱ्याच्या भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात धरले. बोल्ट स्टेनलेसचे. साधा जीआयचा नट इथे दोन पावसाळ्यांत गंजतो.

१७ नोव्हेंबर

वायरिंग. वायरमन दादाने नेहमीचा, एसीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणला होता. मी तो बसवू दिला नाही. मेनच्या लाईनचा एसी करंट सेकंदात शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला, म्हणजे पॅनेलांच्या एकदिशी करंटला, शून्य नसतं. ठिणगी तशीच जळत राहते आणि डबा पेटतो. डीसीचा एमसीबीच हवा, आणि त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याच दिशेने. दादाला हे पटलं. त्याने तालुक्याच्या बाजारातून बदलून आणला.

प्रत्येक जोडीपासून खाली ४ चौरस मिलिमीटरची सोलर वायर, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यातून कंट्रोलरपर्यंत १०, कंट्रोलर ते बॅटरी १६ आणि बॅटरीच्या तोंडाशी ४० अँपिअरचा फ्यूज. पॅनेलांच्या वायरींचे एमसी-४ कनेक्टर जुने होते ते कापून टाकले. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची असली की आत नीट पकड बसत नाही, सांधा तापतो. प्रत्येक सांध्यात दोन्ही टोकं एकाच कंपनीची, क्रिम्पिंग हत्याराने दाबलेली. पकडीने दाबलेला सांधा मी घरात ठेवणार नाही.

जोडताना पॅनेलांवर ताडपत्री. ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही, हे दादाच्या हाताखालच्या मुलाला दोनदा सांगितलं. फ्रेमला वेगळं अर्थिंग, डब्यात विजेचा झटका जमिनीत सोडणारा सर्ज प्रोटेक्टर.

२४ नोव्हेंबर

ज्यासाठी हे सगळं केलं ते मोजमाप आज. आकाश निरभ्र, दुपारी साडेबारा, बॅटऱ्या मुद्दाम उतरवलेल्या, म्हणजे कंट्रोलर हात आखडता घेणार नाही.

३३० एकटं: २४१ वॅट.
१०० ची जोडी एकटी: १३८ वॅट.
दोन्ही समांतर: ३७२ वॅट.

बेरीज ३७९ होते. म्हणजे वेगळ्या जातीची पॅनेलं एकत्र आणण्याची किंमत सात वॅट, दोन टक्क्यांच्या आत. 'वेगळी पॅनेलं जोडूच नयेत' हे सरसकट वाक्य मी बऱ्याच दुकानांतून ऐकलंय. व्होल्टेज जुळवलेलं असेल तर ते खरं नाही.

मग १५० चं पॅनेल १०० च्या जोडीत तिसरं म्हणून एकसर घालून बघितलं. ४८.६ व्होल्ट, ४.३८ अँपिअर, २१३ वॅट. म्हणजे १५० वाल्याने ७५ वॅट दिले, जेव्हा आजच्या उन्हात त्याची एकट्याची ऐपत १०९ ची होती. एक तृतीयांश ताकद करंटच्या अडचणीत अडकली, आणि आता ही मालिका ३३० शी समांतरही जोडता येणार नाही, कारण तिचे ४८ आणि तापलेल्या ३३० चे ३२ व्होल्ट यांचं जमत नाही. १५० ला काढून ठेवलं. त्याला त्याच मापाचा जोडीदार शोधायचा.

३३० चे २४१ का, हे अण्णांनी विचारलं. ऊन नव्वद टक्के, सेल तापलेला, पॅनेल जुनं. छपरावर पाटीच्या पाऊण हिश्शाच्या आसपास मिळालं की चांगलं समजावं.

१५ डिसेंबर

सकाळी दहाच्या सुमारास वॅट अचानक पडतात आणि अकराला परत येतात. वर जाऊन बघितलं तर दक्षिणेकडच्या माडाची झावळी. ऑक्टोबरात भर दुपारी सूर्य ६४ अंशांवर होता, आता ४९ वर, सावल्या लांबल्यात.

सावली १०० च्या एका पॅनेलवर अर्ध्या भागात पडत होती. त्या पॅनेलात १८-१८ सेलचे दोन गट आहेत. एक गट बायपास झाला की जोडीचं व्होल्टेज ३२ वरून २४ च्या खाली येतं, आणि ती समांतर जोडणीत काहीच देत नाही. पण ३३० ला त्याचा धक्का लागत नाही, ते आपले पूर्ण वॅट देत राहतं. सगळी एकसर असती तर ही झावळी सगळ्यांनाच नडली असती. समांतर जोडणीच्या बाजूने माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा, आपल्यासारख्या झाडांत बसलेल्या घरांसाठी तर नक्कीच.

माड तोडायचा प्रश्न नाही. वाळत आलेल्या दोन झावळ्या माडावर चढणारा पाडेली येईल तेव्हा उतरवून घेऊ आणि जोडी दीड हात उत्तरेला सरकवू.

५ जानेवारी २०२५

चिपळूणला जुन्या सामानाच्या दुकानात १५० चं पॅनेल मिळालं. वेगळ्या कंपनीचं, पण ३६ सेलचं. दुकानदाराने उन्हात मोजू दिलं, म्हणूनच घेतलं. जुनं पॅनेल घेताना माझा क्रम असा: आधी व्होल्टेज. ३६ सेलला ११ च्या जवळ दिसलं तर डायोड शॉर्ट, ते दुरुस्त होतं. मग करंट, इतर पॅनेलाशी तुलना करून. मग पाठ. मागचा पांढरा पापुद्रा भेगाळलेला, फुगलेला असेल तर परत ठेवायचं, कारण कोकणात पाणी आत जाणारच. काचेखाली तपकिरी ठिपका दिसला तर तिथे सेल भाजलाय, तेही नको. गोगलगायीच्या वाटेसारख्या बारीक रेषा दिसल्या तर करंट बघून ठरवायचं.

याचं: १९.७ व्होल्ट, ७.३ अँपिअर. आमच्या ७.६ शी चार टक्क्यांचा फरक. एकसर चालेल.

१२ जानेवारी

१५० ची जोडी तिसरी म्हणून डब्यात आणली. ३६.४ व्होल्ट, ८.२५ अँपिअर.

इथे एक गोष्ट बदलते आणि ती सहज नजरेतून सुटते. डब्यात समांतर येणाऱ्या दोनच शाखा असतात तोवर फ्यूज नसला तरी भागतं: १०० च्या जोडीत शॉर्ट झाला तर तिच्यात उलटा शिरणारा करंट ३३० चाच, जास्तीत जास्त ९.३ अँपिअर, आणि तिच्या पाटीवर कमाल फ्यूज १० अँपिअरचा लिहिलाय. तिसरी शाखा आली की तोच करंट ९.३ अधिक ८.७, म्हणजे १८ अँपिअर. १०० वाल्याच्या आतल्या पट्ट्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, तिथे आग लागू शकते. म्हणून प्रत्येक शाखेला स्वतःचा डीसी फ्यूज. शॉर्ट करंटला सुरक्षेसाठी १.५६ ने गुणून वरचं माप धरलं: १०० च्या जोडीला १०, बाकी दोघांना १५. पॅनेलं सारखी नसली की फ्यूजही सारखे नसतात, म्हणून डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला.

१५० ची जोडी एकटी २१२ वॅट. तिन्ही मिळून ५८०, बेरीज ५९१.

कंट्रोलरमध्ये चार्जिंगची मर्यादा २२ अँपिअरला बांधली. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला याहून जास्त घाई नको.

९ फेब्रुवारी

रोज तीन युनिटच्या आसपास येतात. पण हिशोब लागत नव्हता, म्हणून रात्री सगळं बंद करून नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला आणि बॅटरीच्या वायरवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती धरून करंट मोजणारा) लावला. १.१ अँपिअर. म्हणजे काहीही न चालवता २७ वॅट, दिवसाला ०.६५ युनिट. आमचा जुना एकदारी फ्रिज दिवसाला एक युनिटच्या जरा आत खातो. इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यात फ्रिजच्या दोन तृतीयांश वीज जाते.

पॅनेलांच्या सात वॅटवर इतकी चर्चा होते, ह्या सत्तावीसवर कुणी बोलत नाही. रात्रीच्या दिव्यांना आता २४ व्होल्टवरून १२ करणारा छोटा कन्व्हर्टर आणि डीसी दिवे. राऊटरही त्याच्यावर. इन्व्हर्टर फक्त फ्रिज-पंख्यांना.

२२ मे

वळवाचा नव्हे हा, थेट पाऊसच. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे. काल संध्याकाळपासून लाईट नाही. आज दिवसभरात ०.९ युनिट.

२४ मे

तो पट्टा आज दुपारी रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर चढला. वारा जोराचा, सांगाडा हलला नाही. दिवसभर अंधारून आलेलं. पॅनेलांतून ६० ते ९० वॅट, एकूण ०.५ युनिट. बॅटऱ्यांतून निम्म्यापर्यंतच घ्यायचं ठरवलंय, म्हणजे १.८ युनिट हाताशी, आणि त्यातला मोठा भाग आधीच वापरलेला.

फ्रिज आता सकाळी, दुपारी आणि रात्री दोन-दोन तास. मधल्या वेळात इन्व्हर्टर पूर्ण बंद. वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्यात, त्या मधला वेळ सांभाळतात. इन्सुलिनचा डबा खालच्या कप्प्यात, बर्फापासून लांब, कारण गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. डब्यात थर्मामीटर: सर्वांत जास्त ७.५ दाखवलं. आईने स्वतः दर दोन तासांनी बघून वहीत लिहिलं.

ढगाळ उजेडात तिन्ही शाखांचा करंट सारख्याच प्रमाणात पडतो आणि पॅनेलं गार असल्याने व्होल्टेज फारसं उतरत नाही. म्हणजे अशा दिवशी जातींमधला फरक जवळजवळ जाणवत नाही.

२६ मे

मोसमी पाऊस काल तळकोकणात, आज मुंबईत. इतक्या लवकर. दुपारी तासभर उघडीप मिळाली, तेवढ्यात ४१० वॅटपर्यंत गेलं. संध्याकाळी लाईट आली. बॅटऱ्या मेनवर लावल्या. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरने ॲसिडची घनता बघायची आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचं.

८ जून

वादळानंतरची तपासणी. सांगाड्याचे बोल्ट पक्के. डब्यात पाणी नाही. शाखांचे करंट क्लॅम्पने एकेक बघितले, तिन्ही आपापल्या जागी. १०० च्या एका पॅनेलची मागची बाजू कोपऱ्यात भेगाळू लागलीय. त्यावर आज सिलिकॉनचा थर दिला. हे पॅनेल गेलं तर जोडीला ५ ते ६ अँपिअरचंच दुसरं लागेल, म्हणून चिपळूणच्या दुकानदाराला आकडे लिहून देऊन ठेवलेत. अण्णांच्या मुलाकडे २५० वॅटचं ६० सेलचं एक पडून आहे. त्याचं व्होल्टेज ३० आहे. आपल्या ३६ शी ते जमणार नाही. त्याला वेगळा कंट्रोलर घेऊन गोठ्यातली पाण्याची छोटी डीसी मोटर चालवू, पाऊस संपल्यावर.